पाठीवरचा चौकोन

पलंगावर अकरा वस्तू होत्या. हेल्मेट एक, चष्मा एक, डोक्याची पातळ टोपी एक, सुती स्कार्फ एक, जाळीचं जॅकेट एक. हातमोजे दोन, गुडघ्यांच्या ढाली दोन, घोट्याच्या वर येणारे बूट दोन. जॅकेटच्या आतल्या कप्प्यांत आणखी पाच ढाली होत्या, दोन खांद्यांना, दोन कोपरांना आणि एक पाठीला. त्या वेगळ्या धरल्या तर सोळा. कांदाही होता एक, पण तो आईने ठेवलेला असल्यामुळे शर्मिष्ठाने मोजणीत धरला नाही.

"चंद्रावर चालली की सिलतऱ्याले?" आई दारातून म्हणाली. "पोट्टी तयार होऊन राहिली की लढाईले निघून राहिली, काही समजत नाही."

"कांदा काढ आई. जॅकेटला खिसा नाही त्याच्यासाठी."

"तुह्या आजीनं जन्मभर पदरात कांदा बांधला. तिले कधी उन्हाची लू लागली?"

"आजी इलेक्ट्रिक बाइक चालवायची का?"

"ते नाही चालवायची. पण ते हुशार होती."

मे महिन्यातली दुपार होती, रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घराची पत्र्याची पडवी बाहेर कडकड वाजत होती आणि वाद घालायला लागणारा श्वास शर्मिष्ठाला पुढच्या रस्त्यासाठी ठेवायचा होता. एकेक वस्तू अंगावर चढवायला तिला दहा मिनिटं लागत. पाचव्या मिनिटाला मानेवरून पहिला ओघळ सुटायचा. बूट बांधायला वाकली की डोळ्यांपुढे बारीक काळे ठिपके नाचायचे. मग ती भिंतीला हात लावून उभी राहायची, ठिपके जाईपर्यंत.

हे सगळं सामान तिच्या अंगावर आलं ते मार्चमधल्या एका पडण्यामुळे. सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. कंपनीची बस बंद झाली, तेव्हा तिने बाइक घेतली. गाडी चांगली होती. आवाज करत नसे, इतकी की गल्लीतल्या गायी अंगाला चाक लागेपर्यंत हलत नसत. पण सिलतऱ्याच्या रस्त्यावर ट्रकांतून लोखंडाच्या कच्च्या गोळ्या सांडतात, बोराएवढ्या, गोल गरगरीत. एका वळणावर पुढचं चाक त्या गोळ्यांवर गेलं आणि शर्मिष्ठा पाठीवर पडली. मागून येणारा ट्रक वेळेवर थांबला. पाठीचं हाड मोडलं नाही, एवढंच. दोन आठवडे तिला कुशीवर वळता येत नव्हतं, आणि आईने स्वयंपाकघरातूनच निकाल सांगितला होता: एक तर नोकरी सोड, नाही तर अंगभर लोखंड घालून जा.

मग बाबा आणि ती सदर बाजाराच्या तोंडाशी असलेल्या एका दुकानात गेले. बाबा म्हणजे पांडुरंगराव, भंडाऱ्याहून नोकरीसाठी रायपुरात आलेले, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दुकानात शिरल्या शिरल्या ते स्टुलावर बसले आणि अर्धा तास उठले नाहीत.

दुकानदाराने काळं जॅकेट काउंटरवर टाकलं. "दीदी, ब्लैक लीजिए. मैल नहीं दिखता."

"धूप में कितना गरम होता है?"

"अरे, सब यही ले जाते हैं."

शर्मिष्ठाने काळं आणि राखाडी अशी दोन जॅकेटं उचलली आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात शेजारी शेजारी पसरली. जाणारे येणारे स्कूटरवाले मान वळवून बघत गेले. दहा मिनिटांनी तिने दोन्हींवर एकेक तळवा ठेवला, आणि काळ्यावरचा लगेच उचलला.

"भैया, ग्रे दीजिए."

"आपकी लड़की क्या करती है, अंकल?" दुकानदाराने बाबांना विचारलं.

"येच करते," बाबा म्हणाले.

हेल्मेटच्या वेळी मात्र चूक तिच्याच हातून होणार होती. रायपुरात कोणतीही मुलगी उन्हात निघते ती डोकं, नाक, गाल स्कार्फने बांधून. नुसते डोळे दिसतात. त्यामुळे हेल्मेटचं मापसुद्धा सगळ्या स्कार्फवरून घेतात, आणि शर्मिष्ठानेही तसंच घेतलं. मोठं हेल्मेट छान बसलं. बाबा तेवढ्यासाठी स्टुलावरून उठले, त्यांनी हेल्मेट दोन्ही हातांनी धरलं आणि डावीकडे फिरवलं. हेल्मेट भिंतीकडे बघायला लागलं, शर्मिष्ठाचं तोंड दुकानदाराकडेच राहिलं.

"पडली तं हे टोपलं एकीकडे जाईन आन् तू एकीकडे," बाबा म्हणाले.

स्कार्फचं कापड गुळगुळीत असतं, दोन पदरांमध्ये हेल्मेट घसरतं, हे तिला खरं तर आधी सुचायला हवं होतं. तिने स्कार्फ सोडला, पातळ टोपी घातली आणि एक माप लहान हेल्मेट घेतलं. ते कानांवर आवळत होतं. स्कार्फ गळ्यापुरता राहिला. घरी आल्यावर आई म्हणाली, "आता तोंड काळं करून घे म्हणजे झालं," आणि मग स्वतःच हेल्मेटची काच ओल्या फडक्याने पुसून ठेवली.

एप्रिल कसाबसा गेला. मे महिन्यात ऊन चव्वेचाळीसच्या वर चढलं आणि पडण्यापासून वाचवणाऱ्या सगळ्या वस्तू तिला उन्हाच्या स्वाधीन करू लागल्या. दुपारच्या पाळीला पोचायचं म्हणजे घरून साडेबाराला निघणं आलं. फाफाडीह, भनपुरी, बीरगांव, पुढे सिलतरा. रस्त्यावर सावलीचं एक झाड शोधावं लागतं. राजधानी झाल्यापासून रस्ते रुंद होत गेले आणि झाडं आत सरकत सरकत कुठे गेली ते कुणी सांगू शकत नाही. एक दिवस कारखान्याच्या फाटकाशी तिने गाडी लावली, स्टँड लागला असं तिला वाटलं, तो लागला नव्हता. गाडी एका बाजूला पडली आणि ती दुसऱ्या बाजूला खाली बसली.

सुरक्षेचे अधिकारी मिश्राजी वाईट माणूस नव्हते. प्रयोगशाळेतल्या माणसाला भट्टीच्या मचाणावर चढून नमुना घ्यावा लागतो, आणि चक्कर येणारा माणूस तिथे चढू देणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी नियम केला. फाटकावरच्या दवाखान्यात साहू दीदी, तिथल्या नर्सबाई, शर्मिष्ठाचं तोंडातलं तापमान घेणार. शंभराच्या वर गेलं तर त्या दिवशी आत जायचं नाही. असं तीनदा झालं की तिची बदली शहरातल्या ऑफिसात, आणि प्रयोगशाळेत दुसरा माणूस.

"कुछ दिन की बात है बेटा," मिश्राजी म्हणाले होते. "ऑफिस में एसी है."

एसीचं तिला काही नव्हतं. एमएस्सी झाल्यावर चार वर्षं तिने शिकवण्या घेतल्या होत्या, एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली होती, आणि मग ही प्रयोगशाळा मिळाली होती. काळा, हलका, भुसभुशीत खडा समोर यायचा; त्यात किती लोखंड मोकळं झालंय आणि किती अजून प्राणवायूला धरून बसलंय, ते तिने सांगायचं. दिवसाकाठी आठ-दहा वेळा. तिचा आकडा येईपर्यंत भट्टीवरची माणसं थांबून राहत. दुसरा माणूस एकदा त्या टेबलाशी बसला की तिला कुणी परत बोलावणार नाही, हे मिश्राजींना माहीत होतं आणि तिलाही.

पहिल्या वेळी शंभर पूर्णांक चार भरलं होतं. आणि त्या कांद्याच्या दिवशी, अकरा वस्तू अंगावर घालून ती पोचली तेव्हा साहू दीदींनी थर्मामीटर उजेडाकडे धरला, पुन्हा धरला.

"सौ पॉइंट आठ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "का करबे बेटी. जा, घर जा."

शर्मिष्ठा तशीच परत फिरली. घरी आल्यावर तिने जॅकेट दाराशीच सोडलं आणि फरशीवर, कूलरसमोर, पालथी पडून राहिली. बूटसुद्धा पायात होते. बाबांनी येऊन बुटांच्या नाड्या सोडल्या. आईने विचारलं.

"कितीदा झालं आता?"

"दोनदा."

"अजून एकदा झालं का सुटली."

"हो."

"मंग चांगलंच आहे," आई म्हणाली; पण सरबत करताना तिने इतकी साखर घातली की तळाशी बोटभर राहिली.

दुसऱ्या दिवसापासून शर्मिष्ठाला एक गोष्ट कळेना. त्या दिवशी फाटकावर नव्व्याण्णव पूर्णांक दोन भरलं. पुढच्या दिवशी नव्व्याण्णव. हवामान तसंच होतं. उलट ऊन अर्ध्या अंशाने वाढलंच होतं. निघायची वेळ तीच, रस्ता तोच, कपडे तेच. साहू दीदी खूश झाल्या, त्यांना कारण नको होतं. शर्मिष्ठाला हवं होतं. तिने शोधाशोध करून वाचलं की रोज उष्णतेत राहिलं तर दीड-दोन आठवड्यांत माणसाचं शरीर शिकतं. घाम लवकर सुटतो, पातळ सुटतो. तारखा साधारण जुळत होत्या.

"बाबा, शरीर शिकतं," तिने सकाळी चहा पिताना सांगितलं. "माझं शिकलं."

"हव," बाबा म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

आणखी एक बदल झाला होता, पण तो तिने बदल म्हणून धरला नव्हता. बाबा निघायच्या वेळी स्वतः जॅकेट घेऊन दाराशी उभे राहू लागले होते, लग्नात नवरदेवाला कोट घालतात तसे बाह्या पसरून. तिला ते बरं वाटायचं. वाकून, वळून, हात शोधत जॅकेट घालण्यापेक्षा सरळ उभं राहून मागे हात टाकायचे. पाठीला गार लागायचं. जॅकेट कूलरजवळ टांगलेलं असतं, तिने मनाशी म्हटलं.

पाचव्या दिवशी प्रयोगशाळेत तिने पांढरा एप्रन घालायला घेतला तेव्हा सोबतची मीनल म्हणाली, "दीदी, तुझ्या कुर्त्याला मागे काय लागलंय?"

"काय आहे?"

"ब्राऊन काहीतरी. बसलीस का कुठे?"

मीनलने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. पाठीच्या मधोमध तांबूस तपकिरी डाग होता. शर्मिष्ठाने फोटो मोठा केला. घामाचा डाग मानेखाली सुरू होतो, खाली निमुळता होतो, कडेला पांढरी मिठाची रेघ सोडतो. ह्या डागाला कडा होत्या, सरळ. खाली दोन कोपरे स्पष्ट काटकोनात होते. चौकोन होता तो.

बाथरूममध्ये जाऊन तिने कुर्ता बदलला. लॉकरमध्ये एक जादा असायचा. डागाचा एक कोपरा तिने आम्लाच्या दोन थेंबांनी भिजवला आणि त्यावर थायोसायनेटचा एक थेंब सोडला. थेंब पडला तिथे कापड रक्तासारखं लाल झालं.

"लोखंड," ती म्हणाली.

"इथे सगळंच लोखंड आहे दीदी," मीनल म्हणाली. "माझ्या डब्यातल्या पोळीवर टाकलंस तरी लाल होईल."

ते खरं होतं. सिलतऱ्याच्या हवेतच लोखंडाची बारीक पूड असते. जॅकेटच्या जाळीतून ती आत जाणारच. पण पूड कोरडी राहिली तर झटकली की जाते. ती गंजायला पाणी लागतं, चांगलं भरपूर. चौकोनी आकाराचं पाणी तिच्या पाठीवर कुठून आलं?

तिने खुंटीवरचं जॅकेट काढलं आणि पाठीच्या कप्प्याची चेन उघडली. आत ढाल नव्हती. जुन्या साडीच्या कापडात शिवलेली एक गादी होती, हाताला ओलसर. तिने ती नाकाशी नेली. वाळा. घरातल्या कूलरच्या ताट्यांचा वाळा, दर एप्रिलमध्ये बाबा गच्चीवर बसून सुतळीने बांधत तो. तिच्या शरीराने काहीही शिकलेलं नव्हतं.

ती स्टुलावर बसली. राग यायला हवा होता, पण आधी आली ती नुसती दमणूक. संध्याकाळी परतताना सिलतऱ्याच्या वळणावर पुन्हा गोळ्या सांडलेल्या होत्या. ती दोन्ही पाय खाली टेकवत, घसपटत, त्यांतून गेली. मागे ट्रक भोंगे वाजवत होते आणि तिच्या मणक्यावर ढालीऐवजी गवताची मुळं होती.

घरी आल्यावर ती जेवली आणि झोपली. सकाळी परसदारी गेली तेव्हा बाबा बादलीत ती गादी बुडवून बसले होते. मुलगी समोर उभी आहे हे पाहूनही त्यांनी हात बाहेर काढला नाही.

"ढाल कुठे आहे?"

"आहे."

"कुठे?"

बाबांनी मानेने स्वयंपाकघराकडे खूण केली. शर्मिष्ठा आत गेली. सगळ्या खोलीवर नजर फिरवल्यावर तिला ती दिसली: माठाखाली. पाठीची ढाल, फेसाची, भोकाभोकांची, माठाचं बूड धरून आरामात बसली होती, आणि झिरपलेलं पाणी तिच्या भोकांतून ताटलीत पडत होतं.

"ते?" आई म्हणाली. "मले वाटलं तुह्या बाबानं माठाखालची गादी आणली. लय चांगली आहे. माठ हालत नाही आता."

शर्मिष्ठाने माठ उचलून बाजूला ठेवला, ढाल काढली आणि ती घेऊन परसात आली. आई मागोमाग आली.

"मला सांगायचं होतं की नाही?"

"सांगतलं असतं तं तू नाही म्हटली असती."

"हो, म्हटली असती!"

"मंग?" बाबांनी गादी पिळली. "वजनसुद्धा सारखं केलं मी. तराजूवर. ढालीएवढंच पाणी ठेवलं, नाही तं तुले समजलं असतं."

"बाबा, तुम्हीच टोपलं म्हणून हेल्मेट परत करायला लावलं. तुम्हीच म्हणाला होता, पाठ म्हणजे माणूस."

"म्हटलं होतं." त्यांनी गादी मांडीवर ठेवली, लुंगी भिजत गेली, तिकडे लक्ष नव्हतं. "पडशील तवा पडशील. पडशील का नाही पडशील, कोणाले माहीत. पण तापून तं तू रोज येऊन राहिली होती. त्या दिवशी तुह्ये बूट काढले मी. पाय पाहिले. भाजलेल्या वांग्यावानी झाले होते. अजून एक दिवस, आन् तुही ते लॅब गेली असती. मंग तू ऑफिसातून घरी येऊन बसली असती आन् कोणाशी बोलली नसती. चार वर्षं पाह्यलं आहे मी ते."

आईने भिजलेल्या लुंगीकडे पाहिलं आणि दोरीवरची कोरडी आणून बाबांच्या शेजारी ठेवली.

"आज असंच जा," बाबा म्हणाले. "रविवारी बसून पाहू काय करता येते ते."

"काल वळणावर गोळ्या होत्या बाबा. मी त्यांतून आले."

बाबांनी डोळे मिटले आणि उघडले. "मंग आज जाऊच नको."

"आज गैरहजर, उद्या गैरहजर. तेही एक कारण होईल त्यांना."

ती पायरीवर बसली. ढाल आणि गादी एकाच कप्प्यात मावत नव्हत्या. मावल्या असत्या तरी ढालीमुळे गारवा अंगापर्यंत पोचला नसता. पाठ एकच होती. ती बराच वेळ ढालीच्या भोकांतून पलीकडचा उजेड बघत राहिली. मग म्हणाली, "आई, शिवायचा दोरा दे. लाल असेल तर लाल."

"आता काय?"

"वारा कुठे लागतो ते बघायचंय."

तिने जॅकेटवर पुढे सहा आणि मागे सहा असे बोटभर लांबीचे दोरे टाचले. ते घालून, हेल्मेट चढवून, ती गल्लीतून गाडी काढून एक फेरी मारून आली. पहिल्या फेरीत बाबांना काही दिसलं नाही कारण ते गायीला हाकलत होते. दुसऱ्या फेरीत दिसलं.

"पुढचे छातीले चिकटून राहिले. वरचे दोन बाजूले पळत होते. मागचे नुसते लोंबून राहिले, कुठीबी."

"म्हणजे पाठीला वारा नाहीच," शर्मिष्ठा म्हणाली. तिचा आवाज थकलेलाच होता, पण भराभर निघत होता. "कूलरला पंखा असतो तेव्हा ताटी गार करते. पंखा पुढे आहे आणि तुम्ही ताटी मागे लावली."

"तरी नव्व्याण्णव आलं."

"पाणी गार होतं म्हणून. बीरगांवपर्यंत पुरत असेल. पुढे नुसतं ओलं कापड."

"मंग छातीवर लाव."

"मधे चेन आहे. दोन तुकडे करावे लागतील. आणि पातळ, नाहीतर चेन लागणार नाही."

दोघांनी एकदमच आईकडे पाहिलं.

"माह्याकडे काहून पाहता?" आई म्हणाली. "मशीन काढा मंग. आन् वाळा बारीक निवडा, टोचते तो. एवढे दिवस पोट्टीले टोचला असंल, ते बोलली नाही."

आईने जुन्या पातळाचे दोन खिसे शिवले, वरच्या बाजूला उघडे, म्हणजे वाटेत पाणी ओतता येईल असे. बाबांनी काड्या काढून मऊ मुळं तेवढी भरली. शिवताना आई सारखी पुटपुटत होती की शिकवलं एमएस्सी आणि नशिबी आली ताटी. खिसे जॅकेटला आतून चार चार टाके घालून बसवले. शर्मिष्ठाने स्वतःच्या हाताने पाठीच्या कप्प्यात ढाल सरकवली आणि चेन लावली. ढालीला माठाचा ओला वास येत होता.

बाबा दाराशी जॅकेट धरून उभे होते. तिने हात मागे टाकले. पाठीला ढालीचा कोरडा कडकपणा लागला, छातीशी गार. तिने क्षणभर श्वास रोखला.

"लय गार आहे का?"

"आहे."

"मंग जा."

फाफाडीहपर्यंत गारवा नुसता लाडाचा होता. भनपुरीला ट्रकांची रांग लागली आणि थांबल्या गाडीला वारा मिळेना. हेल्मेटमधली हवा तिच्याच उच्छ्वासाने जड झाली. कानांच्या पाळ्या ठणकू लागल्या. रांग सरकली की छातीवर वारा यायचा आणि वाळा जागा व्हायचा, थांबली की निजायचा. बीरगांवच्या पाणपोईपाशी तिने हातमोजा काढून खिसा चाचपला. मुळं वरून सुकली होती. तिने गडूने दोन्ही खिशांत पाणी ओतलं. पाणी पोटावरून ओघळलं. पाणपोईवरची म्हातारी बघत राहिली.

"का होगे नोनी?"

"कूलर आहे आजी," शर्मिष्ठा मराठीतच म्हणाली. म्हातारीने मान डोलावली, जणू हे तिने आधी पाहिलं होतं.

पुढे मोकळा रस्ता मिळाला. सिलतऱ्याच्या वळणाअलीकडे तिने वेग उतरवला. गोळ्या कुणी झाडल्या नव्हत्या. चाकांनी दाबून त्यांचे दोन पट्टे झाले होते आणि मधे हातभर जागा मोकळी होती. ती त्या जागेत शिरली. एक गोळी पुढच्या चाकाखालून चटकन उडाली, हँडल झोललं, सावरलं. तिच्या लक्षात आलं की या वेळी आपण भीतीने पाठ ताठ धरली नव्हती.

फाटकावर मिश्राजी छपराखाली उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. जॅकेटच्या पुढच्या बाजूने पाणी ठिबकत होतं.

"ये क्या है?"

"ताटी है, सर."

"क्या?"

"नाप लीजिए, फिर बताती हूँ."

दवाखान्यात साहू दीदींनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. माठाचं गार पाणी होतं, काचेवर दव होतं. शर्मिष्ठाची जीभ टाळूला चिकटली होती.

"पी ले बेटी, फेर नापबो."

"आधी माप, दीदी. पाणी पिऊन घेतलं तर खोटं येतं."

"तोर मर्जी." दीदींनी ग्लास टेबलावर ठेवला, थर्मामीटर झटकला आणि तिच्या जिभेखाली दिला. "मुंह बंद."

तिने ओठ मिटले. फोन खिशात थरथरला, घरून असणार. मिश्राजी दाराशी येऊन उभे राहिले आणि टोपीने वारा घेऊ लागले. भिंतीवरच्या पंख्याचं पातं प्रत्येक फेरीला एकदा खटकत होतं. छातीवरचं पाणी आता कोमट झालं होतं, पाठीचा घाम ढालीखालून कंबरेपर्यंत आला होता. तिने ग्लासकडे पाहायचं टाळलं. दीदी पदराने हात पुसत होत्या.

"चल," त्या म्हणाल्या. थर्मामीटर त्यांनी खिडकीकडे नेला, चष्मा वर केला, काचेची नळी बोटांत थोडी फिरवली.

पारा नव्व्याण्णव पूर्णांक आठवर होता, शंभराच्या एक रेघ अलीकडे.